कानाला लावलेला हात

मालेगाव, रविवार संध्याकाळ

आज आमच्या संगीत विद्यालयाचा वर्धापनदिन झाला. विद्यालयाचा इतिहास सांगायचं काम माझ्याकडे होतं. सांगितला, टाळ्याही पडल्या. पण नंतर जेवण गेलं नाही.

नागपूरच्या पंडितजींचं नाव घेताना माझा हात आपोआप कानाला गेला, गुरूचं नाव घेताना जातो तसा. त्यांच्याकडे शिकलो किती, तर एका शिबिरापुरता. मग कांताकाकूंचं नाव आलं. त्यांनी आपल्या कापडदुकानामागच्या खोलीत हे विद्यालय सुरू केलं, मला सा लावायला शिकवलं. तेव्हा हात माईकवरच राहिला. पाहुण्यांसमोर त्यांची पदवी नसणं मनात आलं होतं का? आलं होतं.

काकू पहिल्याच रांगेत होत्या. मी खाली उतरलो तर म्हणाल्या, "बरं बोलला रे सुधाकर. पंडितजीच्या नावाले कानाले हात लावला. माह्या नावाले कान दुखून राह्यला होता काय?"

आणि हसल्या. मीही हसलो. माफी मागायची ती वेळ होती. मी विचारलं काय, तर "काकू, चहा घेतला का तुमी?"

आता देवापुढे दिवा लावताना त्यांचं नाव घेतलं. हात लगेच कानाला गेला. इथं तो सोपाच जातो, पाहायला कोणी नसतं.

उद्या क्लासमध्ये काकूंना बसवून मुलांना इतिहास पुन्हा सांगायचा. त्या येतील. कानावरून मस्करीही करतील. ती मुलांसमोर ऐकून घ्यायची.