आबांनी धरलेली झील

आबा, काल सांगलीत आईबापांवरच्या कवितांचा आणि गाण्यांचा कार्यक्रम ऐकून आले. पेटी, तबला, सगळं जागच्या जागी. लोक इतके शहाण्यासारखे गप्प बसले होते की मला तुमची आठवण आली.

माधवनगरला गिरणीच्या चाळीपुढं झालेला तो कार्यक्रम तुम्ही कसा विसराल? लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून गुरुजींनी सगळं उजेडातच उरकायचं ठरवलं होतं. मी मराठी चौथीत. गुरुजींनी स्वतः रचलेली बापावरची कविता मला पेटीच्या साथीनं म्हणायची होती. तुम्ही पाळी संपवून थेट आलात, केसांत कापसाची तूस, खांद्यावर घोंगडं, आणि अगदी पुढं जाजमावर बसलात. मला आनंद झाला होता. खरंच झाला होता.

मी पहिली ओळ म्हटली, 'बाप दारी उभा, घर झोपते निवांत'. ओळ संपते न संपते तोच तुम्ही कानावर हात ठेवता आणि खड्या आवाजात उचलता, 'निवांऽऽत गं, निवांऽऽत!' आपण कवठे महांकाळकडचे धनगर. दुष्काळात मेंढरं गेली म्हणून तुम्ही गिरणीत आलात, पण ओव्या गेल्या नव्हत्या. आपल्यात पुढच्याची ओळ संपली की मागच्यानं तिचं शेपूट उचलायचं, झील धरायची. गाणाऱ्याला एकटं सोडणं हा अपमान. हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक; मागं खुर्च्यांवर बसलेल्या लोकांना कुठलं? ते हसायला लागले. पेटीवालाही हसला. मी कशीबशी दुसरी ओळ म्हटली, तुम्ही तीही उचललीत. मग मी थांबले.

गुरुजी मागून कुजबुजत होते, मी पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. आणि तुम्ही? गाणारा अडकला तर त्याला आठवेपर्यंत झील तुटू द्यायची नाही, म्हणून तुम्ही त्या दुसऱ्या ओळीचा शेवटचा शब्दच लांबवत राहिलात. मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं, तरी नजर माझ्यावरच. मी तोंड उघडलं नाही. शेवटी तुमचा दम संपला.

घरी जाताना तुम्ही मला घोंगड्यात घेतलंत. "भ्यालीस व्हय गं? भ्यायचं न्हाई. मी सोडलं न्हवतं, धरून हुतो की." पुढं पै-पाहुण्यांना तुम्ही तेच सांगत राहिलात, "पोरगी लय गुणाची, पर ओळ इसरली. मी हुतो म्हनून निभावलं." शेवटच्या आजारपणातही विचारलंत, "कुठली ओळ गं ती?" मी म्हटलं, "आता आठवत न्हाई, आबा." आणि तुमचे पाय चेपत बसले.

काल एका बाईंनी बापावरची कविता म्हटली. ओळ संपली की मी श्वास घ्यायची आणि गप्प बसायची. कविता संपली, टाळ्या झाल्या, मला काही वाजवता आल्या नाहीत.

हे पत्र टाकू कुठं? ट्रंकेत तुमच्या घोंगड्याच्या घडीत ठेवते. मी अडकले नव्हते, आबा. ओळ मला तेव्हाही पाठ होती, आजही आहे. मला तुमची लाज वाटली होती.