मायच्या खोलीत मुरलेली बाटली

६ मे, बुध.
दुपारी नांदूरघाटला पोचले. चपला काढल्या नि थेट मायच्या अंधाऱ्या खोलीत. लोणच्याच्या बरण्यांमागं, बूच सुकू नये म्हणून बाटली आडवीच, वर ओलं फडकं. आठ वर्षं! पुण्याच्या हॉटेलात ज्या सरांनी मला वाइन चाखायला शिकवलं, त्यांनी निवृत्त होताना दिलेली. फ्रान्सची लाल, बोर्दो भागातली. "आठ वर्षं हात लावू नकोस." माझ्या पुण्याच्या पत्र्याच्या खोलीत उकडून मेली असती, इथं मातीच्या माळवदाखाली गारवा. माय दारूच्या नावानं नाक मुरडते, पण सांभाळायचं म्हटलं की सांभाळते. रविवारी उघडणार. माझ्या हातानं.

संध्या. दत्ता, माझा धाकटा, शेजारच्या काकूंना सांगत होता, "ताई हॉटेलात मॅनेजर हाय." अकरा वर्षं हेच. मी वाइन चाखते, वाढते. चोरी करत नाही कुणाची!

८ मे, शुक्र.
डोकं फिरलंय. बाटली फ्रिजवर, उभी, खिडकीचं ऊन थेट अंगावर! दत्तानं काढली. रविवारी तालुक्याचे पुढारी नाना जेवायला येणार, ह्याला पंचायत समितीचं तिकीट पाहिजे.
"नानांला सांगितलं फ्रान्सची हाय. लई खूश झाले."
"माझी आहे ती."
"घरातलीच हाय की. कावून तापतीस एवढी?"
माझं काम सांगायला लाज, आणि त्याच कामाची बाटली मिरवायला हा पुढं! वर म्हणतो, "तू त्या दिवशी सैपाकघरातच थांब, बरं दिसत न्हाई." मीच मूर्ख, मायकडं गेले. मायनं त्याचीच बाजू घेतली, "जाऊ दे, त्याचं काम हाय." बाटली परत मायच्या खोलीत आडवी ठेवून आले, तेवढंच.

१० मे, रवि.
रात्र.
नाना आले, बरोबर चौघं. मी भाकरी थापत होते. बाहेर ठोकाठोकी. नानांच्या ड्रायव्हरनं बुचात स्क्रू ड्रायव्हर घातलेला! मग दत्ता दारात, "ताई, जरा ये की. निघंना." पिठाचे हात धुतले, बॅगेतलं ओपनर घेतलं. बूच अर्धं चुरलेलं, हळूहळू काढलं. सगळे माझ्या हाताकडं बघत होते. मग सवयीनं एका ग्लासात माझ्यासाठी घोटभर ओतली. आमच्या कामात वाढणाऱ्यानं आधी चाखायची, नासलेली पाहुण्यापुढं जाऊ नये म्हणून. आधी पिकलं जांभूळ, मग जुनी चिंच, आणि नंतर कितीतरी वेळ जिभेवर... सर, जमली हो.
"छान आहे," म्हटलं. "बर्फ नका घालू."
नानांनी ग्लासला हातसुद्धा लावला नाही. "बाईमाणसानं आदी चाखली. देवाचा निवद कुनी चाखून वाढतंय का बे दत्ता?"
बाटलीला तोंड लावलं होतं का मी? ह्यांना दारू चालते, ती उघडून देणारी चालते, चाखणारी चालत नाही. मग गाडीतली स्वतःची व्हिस्की मागवली त्यांनी. मी बाटली नि माझा ग्लास उचलला आणि आत आले. दत्ता मागोमाग, "माझं तिकीट गेलं तुझ्यापायी!"
माय चुलीपाशी. "नासली का?" एवढंच विचारलं. मग लोणच्याचा खार बघते तसं माझ्या ग्लासात बोट बुडवून जिभेला लावलं.
"तुरट हाय. पर मुरली."
तेव्हा कुठं रडू आलं.

११ मे, सोम.
दत्ता बोलत नाही. मला ऐकू जाईल असं मायला म्हणतो, "तिला म्हनावं, पुन्ना आसलं कायी ह्या घरात आनायचं न्हाई." उरलेली मी स्टीलच्या पेल्यातून प्याले, भरदुपारी, ओसरीवर बसून. बघू दे कुणाला बघायचं ते.
उद्या सातची बस.
संध्या. काकू भिंतीवरून मायला, "काल काय झालं गं? पोरगी नेमकी करती तरी काय?" दत्ता अंगणातच गाडी पुसत होता. "मॅने..." म्हणेपर्यंत मायनं सुपातून मान वर केली.
"दारूची चव बघती. चांगली की नासकी, तिला कळतंय."
आणि परत तांदूळ निवडायला लागली. दत्तानं फडकं आपटलं, गाडीला किक मारली आणि गेला. अजून आलेला नाही. सकाळी स्टँडवर सोडायला येतो का, बघू.