वसंताच्या पानावर खर्रा नाही

प्रिय वसंता,

परवा तुला जाऊन वर्ष होईल. सकाळपासून तीनदा चष्मा पुसला, दोनदा तुझा मृत्यूचा दाखला काढून पाहिला आणि परत पिशवीत ठेवला. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी. घरात आलेला प्रत्येक कागद तूच वाचून दाखवायचास. उद्या मी पोराच्या मनाविरुद्ध एक काम करणार आहे. ते दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहायला बसलो.

तुझे शेअर विकतोय. तंबाखूच्या कंपनीचे. सगळे.

रागावलास? ते घेतलेस तो दिवस मला आठवतो. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानातून तू घरी आलास, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि म्हणालास, "दादा, मी रोज त्या कंपनीले पैसे देतो गा. वर्षातून एकदा तिनं मले द्याले काय हरकत आहे?" मीही हसलो. पुढे दरवर्षी लाभांश आला की तू संत्राबर्फी आणायचास, आणि मी दोन तुकडे खायचो. ती बर्फी कशातून आली, हे मी एकदा तरी विचारलं का?

तुझं तोंड नीट उघडेना, तेव्हाही मी हसलोच. चौकातल्या पाणीपुरीच्या ठेल्यावर बाकीचे अख्खी गुपचूप तोंडात टाकायचे आणि तू चुरून खायला लागलास. "साहेब झाला का बे?" म्हणून मी तुला चिडवलं. नंतर धंतोलीतल्या डॉक्टरांनी तुला तीन बोटं तोंडात घालून दाखवायला सांगितली. एकच गेलं. मला तो ठेला आठवला. वीज गेली तरी माझी छाती धडधडते, हे तुला माहीत आहे. मग जेव्हा घाबरायला हवं होतं, तेव्हाच मी कसा घाबरलो नाही?

तूही कमी नव्हतास. कॅन्सरच्या वॉर्डात, नाकात नळी, बोलता येत नव्हतं, तरी वहीवर लिहून विचारलंस, 'शेअर वर की खाली?' मी 'वर' असं लिहिलं. तू अंगठा दाखवलास. त्या अंगठ्याचा मला अजून राग येतो रे.

पण माझी खरी चूक तुझ्या दहाव्याची. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ऊन चढलं. अशा वेळी घरच्यांनी पुढे होऊन मेलेल्या माणसाला वचन द्यायचं असतं, तुझं राहिलेलं मी करीन म्हणून. सगळे माझ्याकडे पाहत होते आणि माझी जीभ वळेना. मागून कोणीतरी म्हणालं, "वसंताचा जीव खर्र्यात अटकला असन." मी टपरीवर गेलो, पुडी आणली आणि तंबाखू-सुपारीचा तो चुरा पिंडावर टाकला. कावळा आला. लोक डोळे पुसत हसले. ज्यानं तुला नेलं, तेच मी तुला वाढलं, वसंता. वचन दिलंच नाही.

आता त्या शेअरवर वारस म्हणून माझं नाव लागलं आहे. प्रकाश म्हणतो ठेवा. काल जेवताना म्हणाला, "बाबा, काहून जिद्द करून राहिले? काकाच्या नावानं दरवर्षी एका गरीब पोराची फी भरू त्या पैशातून. पुण्यच आहे ना."

मी म्हटलं, "म्हणजे त्याची फी भराले दुसऱ्या कोणाचं तोंड बंद व्हावं?"

"आपण विकले तर दुसरा कोणी घेईन. कंपनीले काय फरक पडते?"

"कंपनीचं मले नको सांगू. मले फरक पडते. अन् तू पैसे टाकतो त्या म्युच्युअल फंडात कोणत्या कंपन्या बसल्या आहेत, तेही पाहून ठेव. रोज विचारीन तुले."

तो ताटावरून उठला. मग रुचा, आपली नात, हळूच म्हणाली, "आबा, बाहेरच्या देशात कॉलेजची पोरं आपल्याच कॉलेजले सांगतात, तंबाखूतला पैसा काढा म्हणून. तुम्ही एकटे नाही आहात." मला वाटत होतं, असं वेड फक्त माझ्याच डोक्यात शिरलं.

उद्या शेअर बाजार उघडला की रुचा विकायचं बटण दाबणार आणि माझ्या फोनवर आलेला ओटीपीचा आकडा मी तिला वाचून दाखवणार. चुकीचा वाचीन ही धास्ती आहेच. चुकला तर परत मागवू. पैसे पोस्टात ठेवीन. व्याज कमी येईल, त्या गरीब पोराची फी अर्धीच भरली जाईल. उरलेली मी माझ्या पेन्शनमधून भरीन. तुझं नाव तंबाखूच्या लाभांशाला लावणार नाही म्हणजे नाही.

परवा मनीषनगरच्या या गच्चीवर तुझं पान ठेवीन. वरण, भात, वडा, संत्राबर्फीसुद्धा. खर्रा नाही. कोणी पुडी घेऊन आलं तर जिन्यातूनच परत पाठवीन. आणि दहाव्याला न दिलेलं वचन सगळ्यांसमोर मोठ्यानं देईन: या घरात तंबाखूचा पैसा येणार नाही. कावळा नाही आला तर संध्याकाळपर्यंत तिथंच उभा राहीन, उपाशी. तू हट्टी आहेस. पण मी तुझा मोठा भाऊ आहे.

तुझा,
शंकरदादा