सगुणाबाईंची चिमूट

३ नोव्हेंबर
लागली नोकरी! द्वारका चौकाजवळच्या हॉस्पिटलात वॉर्डबॉय. कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून ओझरला बाबा अजून धुमसतायत. धुमसू देत. चैताली ज्या वॉर्डात नर्स आहे तोच मिळाला, अजून काय पाहिजे? सगळे छातीत पू झालेले पेशंट. बरगड्यांमधून नळी, नळीचं टोक खाटेखालच्या बाटलीत. दातांची घाण छातीत उतरते, असं डॉक्टर म्हणतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ सगळ्यांची तोंडं साफ करायची, हे माझं काम. चैताली म्हणाली, हिरो, आधी स्वतःचे दात घास. दिवसभर हसू आवरेना.

५ नोव्हेंबर
पेठ गावच्या पेशंट सगुणाबाई तोंडच उघडत नाहीत. माझं डोकं फिरलं, जबडा धरला, तर करकचून चावल्या. वर म्हणतात, मेल्या, मिश्री आण, मंग उघडते. डॉक्टरांची तंबाखूला सक्त बंदी. पण चैतालीसमोर हरायचं? गुपचूप पुडी आणली.

६ नोव्हेंबर
मिश्री एकटीनं लावू नाय, म्हणत बाईंनी चिमूटभर चैतालीपुढे धरली. माझी आजीपण लावायची, म्हणून ती हसली; म्हातारी तोंड तरी उघडेल म्हणून लावली हिरडीला. बाईंनी लगेच आ केला. दात काळेठिक्कर. सगळे हलत होते, वारा नसताना.

८ नोव्हेंबर
बाईंची बाटली एकदम निवळली. नळी निघाली. घरी जाताना हसल्या — दात पांढरे, घट्ट, तरण्या पोरीसारखे.
चैतालीच्या कुशीत कळ येतेय.

९ नोव्हेंबर
चैताली त्याच खाटेवर. तिचे दात काळे पडतायत. बाटलीतल्या पुवात दात वाजतात, हुडहुडी भरल्यासारखे. डॉक्टर म्हणतात, बुडबुडे आहेत.
तिची मूठ मिटलेली. कुणालाच उघडू देत नाही.

१० नोव्हेंबर
मुठीत मिश्रीची चिमूट आहे. पुडी तर मी कधीच फेकली — मग कुठून —
म्हातारी देऊन सुटली. चैतालीला म्हटलं, मला दे, तर रडते. मेले तरी देणार नाही म्हणते. ताप उतरत नाही. मी भांडलो. बोटं उघडली, जोर लावून. माझ्या हिरडीला —

१२ नोव्हेंबर
ती बरी. मला नळी. बाटलीत वाजतायत ते माझे —

१३ नोव्हेंबर
उजवी मूठ आपोआप मिटलीय. उशीखाली दाबलीय. डाव्या हातानं लिहितोय. कुणाला नाही देणार.
चैताली आलीय, ब्रश घेऊन. आ कर ना, म्हणते. गालावर हात ठेवला, पहिल्यांदाच. शिव्या दिल्या, जा म्हटलं — जात नाही — अजून वाकते — मूठ उशीखालून — मी नाही उचलत, मी नाही — तिच्या ओठांपाशी — चैताली, तोंड मिट, तोंड —