घेटुळीची मुळी

आई, तुझ्या पाया पडते.

मी बरी हाय, वेळेवर जेवते. तू सुजेवर उगाळून लावतीस त्या घेटुळीच्या मुळीतून सूज उतरवणारं द्रव्य आमी लॅबमधी वेगळं काढलं. कंपनीनं पेढे वाटले.

आग लागो त्या पेढ्यांना. कंपनीला मुळ्या विकायला मांजरसुंब्याच्या टेम्पोवाल्यांनी आपला सगळा डोंगर खणला, असं नवनाथदादा सांगतो. तू आदल्या सांजेला झाडाला अक्षता वाहून विचारायचीस, मग मुळीचा एकच फाटा काढून बुडाला माती लोटायचीस. त्यांनी बूडच उपटलं.

तुझे गुडघे लई सुजलेत म्हणं. मला फोनवर का सांगितलं न्हाईस?

कंपनीच्या गोळ्या धाडल्यात, जेवल्यावर घे. डबीवर घेटुळीचं चित्र हाय. आपल्या वाट्याला आता तेवढीच उरली.

तुझीच,
पौर्णिमा