आण्णांनी केलेला पॉइंट

१२ नोव्हेंबर ९६, पाडवा

ठो! मुहूर्ताची पहिली खेप आणि शाहूपुरीच्या चौकातच पिकअपच्या सायलेन्सरमधून असा बार निघाला की मिठाईवाल्याच्या हातातली करंडी हलली. "अमरेशशेठ, दिवाळी आजून संपली न्हाई व्हय?" सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या बाराला मात्र हसू आलं नाही.

सरकी पेंडीची बारा पोती घेऊन जेमतेम फुलेवाडीपर्यंत गेलो. तापमानाचा काटा लालवर. बॉनेट उघडलं तर रेडिएटरमध्ये चहाचं आधण ठेवल्यासारखा आवाज. तासभर थंड केली, पोती घेऊन परत. गिऱ्हाईक तिकडं वाट बघत राहिलं.

परवा लक्ष्मीपूजनाला तर गाडी कशी घासूनपुसून ठेवली होती! आण्णांनी दर अमावस्येसारखं डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढून आतला ठिणगीचा पॉइंट घासला, माझ्या लग्नपत्रिकेचा तुकडा घालून तेवढ्याच जाडीची फट लावली. तो तुकडा एक्क्याऐंशी सालापासून त्यांच्या खिशात आहे. बाकीची पूजा आमची, पॉइंट आण्णांचा. माझ्या आठवणीत यात खंड नाही.

१४ नोव्हेंबर

नीलम्मा जेवताना म्हणाली, "म्हातारी झाली ती. आता काढा."

घरात म्हातारी कुठली, म्हणून मी दचकलो. गाडीबद्दल बोलत होती.

ओळखीतले बाळासो कधीपासून आमची पिकअप विकत मागताहेत. त्यांना द्यायची आणि नवी डिझेल घ्यायची, असं आमच्या बाईसाहेबांचं म्हणणं. चुकीचं नाही. पेट्रोल जाळून पेंड वाहायची म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शेवटी असं ठरलं — पंधरा डिसेंबरपर्यंत दुरुस्त झाली तर ठेवायची, नाहीतर बाळासोंना द्यायची. आण्णांना इतक्यात सांगायचं नाही.

सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? आई गेली तेव्हा तिला गावी, नेसरीला, याच गाडीतून नेलं. आण्णांनी स्वतः चालवली, कुणाला स्टिअरिंग दिलं नाही.

१८ नोव्हेंबर

आकाराम मिस्त्री आला. रेडिएटर उतरवून उलटा धुतला, बादलीभर लाल गाळ निघाला. पाण्याचा पाइप बदलला, फॅनचा पट्टा ताणला. मी म्हटलं, पॉइंट पण बघून घ्या की.

आकारामनं जीभ चावली. "आण्णांनी केल्याला पॉइंट मी बघू? त्यांच्या हाताखाली पाना धरायला शिकलोय. त्या टोपणाला हात लावायचा न्हाई."

पटलं मला. गुरूच्या कामावर चेल्यानं बोट कसं ठेवायचं?

जाताना मिस्त्री म्हणाला, "येतो आण्णा." ओट्यावर बसलेले आण्णा म्हणाले, "कोण, आकाराम व्हय? कवा आलास?" मिस्त्री दोन तास त्यांच्यासमोरच होता. गप्प राहून काम करणारा माणूस खरा.

१९ नोव्हेंबर

तापते. ठो.

२३ नोव्हेंबर

कार्बोरेटर धुऊन झाला. सायलेन्सरचा सांधा वेल्डिंग केला. आकाराम आता गाडीला शिव्या देतो आणि लगेच तिच्या पाया पडतो. शिवांजलीनं कॅलेंडरवर बार मोजायला सुरुवात केली आहे. आजचे एकोणीस. मला रागही येईना, इतकी हसत होती पोरगी.

ती रोज शाळेआधी आपल्या अज्जाला, म्हणजे आण्णांना, पेपर वाचून दाखवते. आण्णा वर्षभर म्हणताहेत, चष्मा बदलायचा आहे. माझ्याच्यानं न्यायचं होत नाही. दिवाळी झाली की नेऊ म्हटलं होतं, आता गाडीचं झालं की.

२७ नोव्हेंबर

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

सहाच पोती घेतली आणि गगनबावड्याला निघालो. कळे गावाच्या पुढं काटा लाल. झाडाखाली उभी केली. मागून उसाचा रिकामा ट्रक आला, ड्रायव्हर आपणहून उतरला. अंगठ्याएवढ्या मिशा. त्यानं गाडी चालू करायला लावली, एक ठो ऐकला आणि म्हणाला, "पावणं, पॉइंट बघितलासा?"

"तो नको. वडिलांनी केलाय."

"वडलांच्या पाया पडा आन् टोपण उघडा."

उघडलं. त्यानं आत बघितलं आणि मला बोलावलं. "फट कुठं हाय ह्यात? मिटतच आलीया की. ठिणगी उशिरा पडती, पेट्रोल सायलेन्सरात जाऊन पेटतंय. इंजन तापंल न्हाईतर काय?" काडेपेटीचा पुठ्ठा फाडला, फट लावली, स्क्रू पिळला. पाच मिनिटांचं काम! पंधरा दिवस आम्ही सगळी गाडी पालथी घातली, पण नेमकं ते टोपण सोडून.

चहा पाजला. नाव विचारायचं राहिलं. पुढं गगनबावड्यापर्यंत गाडी गुणगुणत गेली, काटा मधोमध. मी मोठ्यानं गाणी म्हटली. ऐकायला कुणी नव्हतं ते बरं.

२८ नोव्हेंबर

आण्णांना सांगितलं नाही. स्क्रू जुना आहे, हादऱ्यानं सरकला असेल. एवढ्यासाठी त्यांचं मन कशाला दुखवायचं?

५ डिसेंबर

पाच खेपा. एकही बार नाही. शिवांजली नाराज. नीलम्मासुद्धा आज पुढं बसून महालक्ष्मीला आली आणि उतरताना म्हणाली, "चांगली चालते की!" म्हणजे गाडी राहिली. फार बरं वाटतंय.

१० डिसेंबर, अमावस्या

गाडी धुतली. मी लिंबू-मिरची बांधली, आण्णांनी पॉइंट केला. नारळ गोड निघाला.

११ डिसेंबर

ठो. राजारामपुरीतच काटा लाल.

१२ डिसेंबर

ही वही उलटून बघितली. लक्ष्मीपूजनाची अमावस्या — पाडव्याला ठो. परवाची अमावस्या — काल ठो. दुपारी टोपण उघडलं. फट पुन्हा मिटत आलेली. स्क्रू घट्ट! सरकला वगैरे काही नाही.

म्हणजे आण्णा मुद्दाम करताहेत. बाळासो गाडी मागताहेत हे दिवाळीआधीच त्यांच्या कानावर गेलेलं दिसतं. बार काढणारी गाडी बघून बाळासो पळून जातील असा डाव असणार. इतका राग आला! माझी गिऱ्हाइकं तुटली, आकारामनं हात भाजून घेतला, आणि हे ओट्यावर बसून आम्हाला विचारणार, "सापडलं का रं काय?" दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. जेवायलाही वेगळा बसलो.

मीही त्यांचाच मुलगा आहे. रविवारी बाळासोंना गाडी बघायला बोलावलं. उद्या सकाळी आण्णांकडून माझ्या डोळ्यांदेखत पॉइंट करून घेणार. बघू, समोर उभं राहून कसे बिघडवतात ते.

१३ डिसेंबर

कालचं पान फाडणार होतो. राहू दे, लाज वाटत राहील मला.

बाळासोंना फोन करून सांगितलं, येऊ नका, गाडी द्यायची नाही. सोमवारी त्याच गाडीतून आण्णांना मिरजेला डॉक्टरांकडं नेणार आहे.

सकाळी शेडमध्ये अंधुकच उजेड होता, खिशातली बॅटरी मी काढून हातात धरली होती. आण्णा बॉनेटखाली वाकले. म्हणाले, "बॅटरी धर. अजून जवळ. हां, आता दिसतंय बघ झ्याक." मग पत्रिकेचा तुकडा फटीऐवजी पॉइंटाच्या शेजारून नुसताच घातला, बोटानं चाचपला आणि स्क्रू घट्ट पिळला.

बॅटरी मी अजून लावलीच नव्हती.