मधली चित्रं

सोमवार, ३ जून

आले बाई एकदाची! ट्रंक, गादी, पेन्सिलींचा गठ्ठा आणि मी, सगळे शाबूत. अण्णांनी निघताना टोमणा मारलाच, की कार्टुनं काढून पोट भरत असतं तर माझं शाळेच्या बाकावरच भरलं असतं. अर्धवट सोडून परत आलीस तर दार बंद, असंही म्हणाले. बघूच!

कार्टुनं शिकवणाऱ्या या संस्थेची इमारत पिवळी, तीन मजली. खाली वर्ग, वर आमच्या खोल्या. वर्गात प्रत्येकाला टेबल, टेबलात दुधी काच, काचेखाली दिवा. कागदाच्या वरच्या कडेला भोकं असतात, ती टेबलाच्या खुंट्यांत अडकवायची. मग कागदावर कागद ठेवला तरी सरकत नाही आणि खालचं चित्र वर दिसतं. किती साधी युक्ती, आणि मी इतकी वर्षं खिडकीच्या काचेला कागद चिकटवत बसले!

खोलीतली सोबतीण एवढीशी आहे, चष्मा तिच्याहून मोठा. मी तिला लगेच ढापणी म्हणून टाकलं. तिने मला मिरची. फिट्टंफाट झाली.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या असतील, बोलायला साखर. दारातच प्रत्येकाला उभं करून त्यांनी एकेक चित्र काढलं. माझ्या नाकावरचा मुरूमसुद्धा सोडला नाही. हे तुझं पहिलं चित्र, माझ्याकडे राहू दे, म्हणाल्या आणि कपाटात ठेवून किल्ली फिरवली. काय माया आहे बाईंची!

गुरुवार, ६ जून

अजून नुसता चेंडू चाललाय. आपटला की चपटा, उसळला की लांबुळका. पण चपटा झाला की बाजूंनी फुगलाच पाहिजे, कारण आतला ऐवज तेवढाच, तो जाणार कुठे, असं बाई म्हणतात. पद्धत अशी की पहिलं आणि शेवटचं चित्र बाई काढतात, मधली आम्ही भरायची. मधली कमी असली तर हालचाल झटकन होते, जास्त असली तर संथ. मग बाई तो गठ्ठा बोटांत धरून फडफडवतात आणि चेंडू जिवंत! मी अक्षरशः ओरडले. लंबू म्हणून एक आगाऊ पोरगा आहे, तो म्हणाला, मिरची झोंबली वाटतं. सगळे खिदळले.

बाईंनी ढापणीची चित्रं सगळ्यांना दाखवली. माझी नाही. जळफळाट झाला, उगाच खोटं कशाला लिहू?

बुधवार, १२ जून

आज मांजर होतं. अंगणाच्या भिंतीवर रोज बसतं तेच पिवळं मांजर. पहिल्या चित्रात ते भिंतीवर, शेवटच्यात जमिनीवर पसरलेलं. आम्ही मधलं भरलं. बाई खिडकीशी उभ्या राहिल्या, गठ्ठा फडफडवला, आणि बाहेरचं मांजर पडलं.

आमच्या चित्रांसारखंच पडलं. जमिनीला लागून चपटं झालं, बाजूंनी फुगलं. मांजरं अशी पडत नाहीत हो! ढापणी रडायला लागली. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, की अंग थांबल्यावर शेपूट मागून थांबली, हे पाहिलंस ना? जे सैल असतं ते शेवटी थांबतं, वहीत लिहून घ्या. आम्ही लिहून घेतलं.

योगायोग असणार. म्हातारं असेल मांजर.

मंगळवार, १८ जून

काय लिहू?

लंबूने काल बाईंची चूक काढली होती, चित्रातला कोपर चुकलाय म्हणाला. बाई हसल्या. आज सकाळी टेबलांवर दोन चित्रं होती. लंबू जिन्याच्या वरच्या पायरीवर, लंबू जिन्याखाली. आम्हाला हसू आवरेना. लंबू स्वतःच सांगत होता, की माझं नाक नीट चपटं करा रे. खालच्या पायरीवरचा चेंगरलेला लंबू मी काढला. बाजूंनी असा फुगवला की बाईंनी पहिल्यांदा माझं चित्र वर धरून दाखवलं. मी फुलून गेले.

दुपारी तो पाणी प्यायला वर गेला. बाईंनी गठ्ठा हातात घेतला.

माणूस तसा फुगत नाही. फुगू नये. तो माझ्या चित्रासारखाच झाला होता. अगदी माझ्या रेघेसारखा.

बाई म्हणाल्या, थोडक्या चित्रांत आटोपला, नशीबवान. त्याला कळलंसुद्धा नसेल.

गुरुवार, २० जून

फाटक उघडंच असतं. काल एक मुलगी बॅग घेऊन निघून गेली. बाईंनी कपाटातून तिचं पहिलं चित्र काढलं, शेजारी शेवटच्या चित्रासाठी एक कोरा कागद ठेवला आणि तिला फोन करून तेवढंच सांगितलं. ती तासाभरात परत आली, वर्गात येऊन मुकाट्याने बसली.

अण्णांना फोन केला. मी काही सांगायच्या आतच ते म्हणाले, की परत यायची कारणं शोधू नकोस.

आज ढापणीने पेन्सिल खाली ठेवली. नाही काढणार म्हणाली, सगळ्यांसमोर. एवढीशी पोर, पण काय छाती! मी मान खाली घालून काढत राहिले.

शुक्रवार, २१ जून

ढापणीचं पहिलं आणि शेवटचं चित्र माझ्या टेबलावर आहे. पहिल्यात ती वरच्या खिडकीत. शेवटच्यात खाली फरशीवर.

बाई म्हणाल्या, मधलं सगळं तूच भर. मैत्रीण ना तुझी?

नाही म्हणाले तर पुढची मी. पण मला सुचलंय! मधली चित्रं भरमसाट काढायची. शेवट येऊच द्यायचा नाही. गठ्ठा इतका जाड करायचा की बाईंची बोटं दुखतील, कंटाळून ठेवून देतील. ढापणीला सांगितलं, तुला काही होऊ देणार नाही. तिने माझा हात घट्ट धरला. वेडी माझ्यावर विश्वास ठेवते.

काढतेय. कागद कमी पडले तर बाई आणून देताहेत. हसताहेत.

शनिवार, २२ जून

बाई दमल्या नाहीत.

सकाळी सुरू केलं. ढापणी खिडकीतून निघाली आणि हवेत — पडेचना. केस वर, चष्मा चेहऱ्यापासून सुटा, आणि ती तिथेच. वर्गाच्या खिडकीसमोरून ती दुपारी खाली सरकली. डोळे माझ्याकडे. मला वाटलं, वाचली. मी टाळ्या वाजवल्या. देवा, मी टाळ्या वाजवल्या.

मग फरशी आली. तिथेही मी खूप चित्रं काढली होती. जपून काढली होती, मैत्रीण म्हणून. एकेक हाड — सगळं तेवढंच हळू. ऊन उतरेपर्यंत.

बाईंनी गठ्ठा वर्गाला दाखवला. याला म्हणतात काम, म्हणाल्या.

नंतर मी तो एकटीने फडफडवून पाहिला. जोरात. मी काढले नव्हते, तरी चित्रांत तिचे ओठ हलत होते, आणि तेव्हा कळलं, दिवसभर का हलत होते. एकच शब्द म्हणत होती. पुरे.

मी बाईंसमोर पेन्सिल मोडली. दोन तुकडे त्यांच्या टेबलावर ठेवले.

रविवार, २३ जून

माझं शेवटचं चित्र आलंय. मी टेबलाशी बसलेली, पेन्सिल हातात. धड पुढे. तोंड पाठीकडे.

वर्गाला मधलं भरायचंय. मी सगळ्यांना हात जोडून सांगितलं, कमी काढा. एकही काढू नका, पहिल्यावरून थेट शेवटच्यावर जाऊ दे. पाया पडले. ते रडताहेत आणि काढताहेत. म्हणतात, ढापणी दिवसभर जिवंत राहिली ती तुझ्यामुळेच. आम्हीही तुला अशी सहजासहजी जाऊ देणार नाही.

समजावून सांगितलं. ओरडले. पटत नाही त्यांना. त्यांना वाटतं, मी हिंमत हरलेय.

जेवण सोडून काढताहेत. माझ्यासाठी. लाडकी आहे ना मी.

सोमवार, २४ जून

गठ्ठा दोन्ही हातांत मावत नाही. बाईंनी दोन भाग केलेत.

सुरू झालं. पाय हलत नाहीत. चित्रात पेन्सिल हातात आहे म्हणून हात तेवढा चालतो.

आधी मान थोडी उलट्या बाजूला गेली. बाई वर्गाला समजावताहेत, की मोठ्या हालचालीच्या आधी माणूस जरा मागे जातो, तशी ही तयारी. पोरं लिहून घेताहेत.

आता वळतेय. खांदा दिसतो. खिडकी दिसते —

दुखतंय. आई गं. थोडंच वळलंय अजून. बाईंचा पहिलाच भाग चाललाय, त्यातलाही वरचा —

वही दिसत नाही आता. ओळीवर ओळ पडत असेल. मागच्या बाकावरची पोरं दिसताहेत. मला बघून डोळे पुसताहेत. हात हलवताहेत. एक जण नवा कागद लावतोय, अजून भर घालतोय, मी म्हणतेय पुरे, ओठ इतके हळू, पु